ओतणारा हात

या, असे पुढे या. खांबाला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही सरका जरा. ही गोष्ट टाळ कुटून सांगायची नाही, कानाशी सांगायची आहे. बुवा आख्यान लावण्याआधी देवाला नमस्कार करतात, मग श्रोत्यांना. माझाही दोघांना नमस्कार, आणि कबुली अशी की गोष्ट आहे भीतीची. तिच्यात भूत नाही, चोर नाही, साप नाही. एका भल्या माणसाला एक वाक्य बोलायची भीती वाटली, तिची गोष्ट.

काळाचौकीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एलिझर झिराडकर राहतात. सगळी चाळ त्यांना एलूकाका म्हणते. बेने इस्राएल, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलणारे, कोकणातून आलेले ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागेकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. एलूकाकांचे वडील तर कीर्तन करत. हो, कीर्तनच! डोक्याला फेटा, साथीला पेटी-तबला, आणि आख्यान मोशेचं नाहीतर योसेफाचं. योसेफाला त्याचे सख्खे भाऊ विहिरीत लोटतात, तिथे लालबागच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या, असं ऐकलेली माणसं अजून सांगतात.

एलूकाकांची दोन्ही मुलं कधीच इस्राएलला गेली. घरात ते आणि फ्लोराकाकू. पण शुक्रवारी संध्याकाळी त्या घरात तिसरं माणूस असायचंच. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतली मनाली.

मनाली कोंडीरामची मुलगी. कोंडीराम आणि एलूकाका शिवडीच्या एकाच गोदामात जन्मभर काम केलेले, एका डब्यात जेवलेले. कोंडीरामच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, समोर रोज मेणबत्ती. एलूकाकांच्या घरी शुक्रवारी दिवा. ही पोर चालायला लागली तेव्हापासून तो दिवा लागला की धावत यायची. फ्लोराकाकू काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून त्यांचं सरबत करायच्या. वाईन मिळत नसे तिथे बेने इस्राएलांनी पिढ्यान्‌पिढ्या याच सरबतावर शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून पाळायच्या विसाव्याच्या दिवसाचा, आशीर्वाद म्हटलेला. एलूकाका हिब्रूत आशीर्वाद म्हणायचे आणि मग मनाली छोट्या पेल्यांत सरबत ओतून सगळ्यांना द्यायची. ओतायचं काम तिचंच. थेंब सांडला तर काकू म्हणायच्या, "सांडलंस तर सांडलंस, देवाचा वाटा गेला."

पोर मोठी झाली, हॉटेलच्या शाळेत शिकली, आणि वाईनची चव ओळखण्याच्या धंद्यात शिरली. कुठली वाईन कशाबरोबर प्यायची, तिला कसला वास येतो, हे मोठमोठ्या लोकांना सांगायचं. चाळीत याची फार मजा.

"बाबा पंचशील पाळतात, दारूला शिवत नाहीत," ती म्हणायची, "म्हणून मी पण गिळत नाही, चव घेऊन थुंकते. बाबांचंही राहतं, धंद्याचंही."

"थुंकायचा पगार घेणारी चाळीतली पहिली पोरगी," कोंडीराम म्हणायचा, पण म्हणताना छाती फुगलेली असायची.

आता गोष्ट वळणावर येते, कान इकडे द्या.

फ्लोराकाकूंचा भाचा रेऊबेन. नाशिकच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर, जिथे परवापरवापर्यंत नाचणी आणि वरई निघायची, तिथे त्याने द्राक्षं लावली. मुलूख वाईनला नवा, माती तांबडी, रात्री गार. त्याच्या मनात आलं, आपल्या लोकांसाठी आपल्या मातीतली कोशेर वाईन करायची. कोशेर म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांत बसणारी. त्यासाठी द्राक्षं चिरडल्यापासून शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसांचेच हात लागायला हवेत. असे हात मुंबईत तरी किती उरलेत? एलूकाका गेले. या वयात टबात उतरून त्यांनी द्राक्षं तुडवली, रात्री पिंपाजवळ झोपले, आणि शुक्रवारी सूर्य बुडताना हातातलं काम ठेवून दिलं. घाण्याचा बैल सोडणाऱ्या पूर्वजांची त्यांना तेव्हा फार आठवण झाली.

परदेशाहून एक रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, नियम बघायला आले होते. म्हातारे, मऊ बोलणारे. त्यांनी समजावलं, "वाईन उकळून घेतली तर पुढे कोणीही ओतली तरी चालते. उकळली नाही, तर एकदा बूच निघालं की आपल्याच माणसाने ओतायची. दुसऱ्याचा हात लागला की ती आशीर्वादाला चालत नाही, आपल्याला प्यायलाही नाही. बंद बाटली कोणीही उचलावी."

रेऊबेन म्हणाला, "उकळणार नाही. उकळली की मुरांब्यासारखी लागते. या मातीची चवच मरते."

ठरलं. आणि त्या क्षणी, भर उन्हात, एलूकाकांना मनालीचा हात दिसला. पेल्यात सरबत ओतणारा, लहानपणचा, बांगडी सरकलेला. इतकी वर्षं सरबत उकळलेलं होतं म्हणून हा प्रश्न त्यांच्या दारात कधी आलाच नव्हता.

वाईन तयार झाली. थंडीत एका रविवारी परळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये ती समाजाने पहिल्यांदा चाखायची ठरली. रेऊबेनने विचारलं, "चवीचं सांगायला कोण?" काकू म्हणाल्या, "घरात मनू असताना बाहेर कशाला शोधतोस?" मनाली तर नाचलीच. "एलूकाकांची वाईन! मी नाही बोलणार तर कोण बोलणार?"

आता तिला सांगायला हवं होतं. एवढंच, की मने, उघडलेल्या बाटलीला हात लावू नकोस.

किती सोपं वाक्य! पण ते कोणाला सांगायचं? कोंडीरामच्या मुलीला. कोंडीरामच्या आईला गावात विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नसत. वरून कोणी ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायची. गोदामात डबा खाताना कोंडीरामने हे एकदाच सांगितलं होतं, आणि त्या दिवशी दोघांच्याही घशाखाली भाकरी उतरली नव्हती. त्या घरच्या मुलीला आपल्या तोंडाने "हात लावू नकोस" म्हणायचं?

रोज सकाळी एलूकाका ठरवायचे, आज सांगू. ती गॅलरीतून जाताना हाक मारायचे, "मने!" ती वळायची. "काय काका?" आणि ते म्हणायचे, "काही नाही. जेवलीस का?"

"सकाळी आठ वाजता?" ती हसायची. "काका, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आलंय."

फ्लोराकाकूंना ते रात्री म्हणाले, "ती शुक्रवारी यायची बंद झाली तर?"

"कशाने बंद होईल? नीट सांगा."

"नीट कसं सांगतात हे?"

शेवटी एलूकाकांनी एक पळवाट काढली. मनालीला म्हणाले, "हे बघ, तू फक्त बोलायचंस. ओतायचं काम माझं. मी तुडवलेली द्राक्षं, मलाच ओतू दे."

"ओके काका, तुमचा मान," ती म्हणाली. त्यांना वाटलं, सुटलो. अहो, न सांगता कोणी सुटतं का?

रविवार उजाडला. हॉलमध्ये लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर बाटल्या रांगेत उभ्या, बुचं घट्ट. फ्लोराकाकूंनी एक बाटली मात्र पंच्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली होती, येत्या शुक्रवारी घरी उघडायला. मनाली साडी नेसून आलेली, केस बांधलेले, हातात मोठाली काचेची भांडी, रुंद बुडाची, सुरईसारखी. एलूकाकांनी ती पाहिली, पण त्यांना वाटलं शोभेची असतील.

तेवढ्यात खालून रेऊबेनचा फोन. रब्बी आलेत, लिफ्ट बंद आहे, म्हाताऱ्या माणसाला जिना चढवायला या. एलूकाका उतरले, काकू मागच्या खोलीत पेले पुसायला गेलेल्या. रब्बी एका पायरीवर थांबत, दम घेत, कोकणाबद्दल विचारत वर आले. त्यांना हात देऊन एलूकाका हॉलच्या दारात पोचले, आणि त्यांचा पाय उंबऱ्यावरच राहिला.

बाटल्या रिकाम्या होत्या. बुचं एका बशीत. आणि सगळी वाईन त्या सुरयांमध्ये, लालभडक, खिडकीतल्या उजेडात पेटल्यासारखी.

मनाली धावत आली. "काका, रागवू नका हं. ग्लासात तुम्हीच ओता. मी फक्त उघडून ठेवली. नवीन वाईन असते ना, बंद बंद असते, तिला हवा द्यावी लागते. मघाशी वास घेतला तर काहीच सांगेना. आता बघा!"

आपण किती चांगलं काम केलं याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. एलूकाका म्हणाले, "बरं केलंस." त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

हॉल भरला. पहिल्या रांगेत रब्बी. मागे समाजातली म्हातारी माणसं, काही तरुण जोडपी. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा निळा शर्ट घालून कोंडीराम, हातात कोकम सरबत, बाजूला त्याची बायको शैला. मुलगी स्टेजवर बोलणार म्हणून आलेले.

मनाली बोलू लागली. काय बोलली हो पोर! रंगलेल्या कीर्तनात बुवांनी एक पद घ्यावं आणि मांडवातली खोकणारी माणसंही थांबावीत, तसं झालं. तिने आपल्या ग्लासात चवीपुरती घेतली. ग्लास पांढऱ्या चादरीवर तिरका धरला. "रंग बघा, कडेला जांभळा आहे. म्हणजे वय लहान." ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं. "आधी जांभूळ. पिकून खाली पडलेलं, जरा फुटलेलं. मग काळी मिरी. आणि मागे एक वास आहे, तो मला परदेशी वाईनमध्ये कधी सापडला नाही. आपण कोकमाचं आगळ करतो ना, त्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तो. या मातीला अजून कोणी नाव दिलेलं नाही. आपण पहिले आहोत तिची ओळख करून घेणारे."

लोक माना डोलावत होते. एलूकाकांना मात्र त्यातला एकेक शब्द लांबून ऐकू येत होता. बोलणं संपलं की रब्बी आशीर्वाद म्हणणार आणि सगळे पिणार. गप्प बसलं तर एवढ्या माणसांनी विश्वासाने ओठाला लावलेला पेला आपण खोटा केला, हे देवापुढे कसं झाकायचं? बोललं तर ही पोर, भर सभेत, बापादेखत. त्यांना वाटलं, जमीन हलावी. लाइट जावी. काहीतरी व्हावं.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपला हात चादरीच्या टोकावर आहे. एक हिसडा. म्हाताऱ्याचा तोल गेला, सगळ्या सुरया खाली, सगळे हळहळतील, कोणाला काही सांगावं लागणार नाही. शुक्रवारी मनू येईल. बोटांनी चादर मुठीत धरली. एक सुरई किंचित डुगडुगली.

"आणि शेवटचं," मनाली म्हणाली, "ही द्राक्षं एलूकाकांनी स्वतःच्या पायांनी तुडवलीत. लहान मूल सांभाळावं तशी ही वाईन सांभाळलीय त्यांनी. मला वाईनमधलं पहिलं अक्षर त्यांनी शिकवलं, मनुकांच्या सरबतावर. काका, या."

टाळ्या. चादर मुठीतून सुटली.

रब्बी उठले. त्यांच्या हातात चांदीचा पेला. रेऊबेनने सुरई उचलली; ती एलूकाकांनीच भरली असणार, असं तो धरून चालला होता.

"थांबा," एलूकाका म्हणाले.

आवाज एवढा फाटका आला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ही आशीर्वादाला चालणार नाही. बूच निघाल्यावर राखण माझी होती. मी राखली नाही. चूक माझी."

रेऊबेनने हे रब्बींना इंग्रजीत सांगितलं. रब्बींनी पेला खाली ठेवला आणि हळूच काही विचारलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा मात्र मराठीतच ओरडले, "अरे पण हात कोणी लावला?"

मनाली एलूकाकांकडे बघत होती, मग बशीतल्या बुचांकडे, मग आपल्या हातांकडे. त्या तीन नजरांत तिला सगळं कळत गेलं, आणि ते कळताना बघणं एलूकाकांना भोगावं लागलं.

"मी ओतली," ती म्हणाली. "माझ्या हाताने काय होतं काका?"

आता पळवाट नव्हती. त्यांनी सांगितलं. नियम जसा होता तसा, कमी नाही, जास्त नाही.

"आणि लहानपणी? मीच ओतायचे ना?"

"ते उकळलेलं असायचं, मने."

ती म्हणाली, "काका, हॉटेलात मी किती जणांचे नियम पाळते. कोणाला कांदा नको, कोणाला अंडं नको. तुम्ही सांगितलं असतंत तर मी हात मागे बांधून बोलले असते. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला वाटलं, हिला त्यात फक्त आजीची विहीर ऐकू येईल."

मागे खुर्ची सरकली. कोंडीराम उभा होता.

"एलू, बाहेर ये."

जिन्याच्या वळणावर दोघे उभे राहिले. कोंडीरामने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"नियम कशासाठी आहे?"

"फार जुना आहे, कोंड्या. पूर्वी लोक मूर्तीला दारू वाहायचे. त्यातली आपल्यात नको, म्हणून."

"माझ्या घरात कुठली मूर्ती तुला दिसली रे? मी दारूच्या वासालाही जात नाही."

"माहितेय."

"मग मला एक सांग. माझ्या आईला जे झालं, ते हेच का?"

कठडा धरून एलूकाका म्हणाले, "मला वाटतं, हे ते नाही. शब्बाथ मोडणारा माझा सख्खा मुलगा आला, तरी त्यालाही ओतू देणार नाहीत. पण तुला ते तसंच लागलं असेल, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? एवढीच भीती होती मला. म्हणून बोललो नाही."

"भीती तुझी," कोंडीराम म्हणाला, "आणि भर सभेत उभी राहिली माझी पोरगी." तो सावकाश जिना उतरून गेला. त्याच्या मागोमाग शैलाही उतरली. जाताना तिने एलूकाकांकडे पाहिलं, पण रोजचं "येते हं" म्हणाली नाही.

आत आल्यावर एलूकाकांनी पाहिलं, फ्लोराकाकूंनी पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली होती. बुचासकट. मनालीने ती उचलली, कारण बंद बाटलीला मनाई नव्हती. तिने ती पुसली आणि एलूकाकांच्या हातात दिली. डोळे लाल होते, आवाज मात्र कामाचा.

"उघडा. एकेक घोटच येईल सगळ्यांना. पण मी एवढं बोलले ते वाया जायला नको."

रब्बींनी आशीर्वाद म्हटला. सगळ्यांच्या ग्लासात एलूकाकांनी घोट घोट ओतली, आणि बाटलीत तळाशी उरलेली सगळ्यांत शेवटी मनालीच्या ग्लासात. तिने वास घेतला, तोंडात फिरवली. त्या दिवशी थुंकली नाही. गिळली, ग्लास उपडा ठेवला आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

सोमवार, मंगळवार, बुधवार. गॅलरीतून तिची चप्पल वाजत जायची, दाराशी थांबायची नाही. एलूकाका दार उघडं ठेवून बसायचे. चप्पल जवळ आली की उठून उभे राहायचे, लांब गेली की पुन्हा बसायचे. गुरुवारी काकूंनी मनुका भिजत घातल्या. मूठभर जास्तच पडल्या.

शुक्रवार आला. दिवा लागला. टेबलावर सरबताचं भांडं, रिकामे पेले. एलूकाकांनी प्रार्थनेची टोपी घातली, पण तोंडातून आशीर्वाद निघेना. "थोडं थांबू," म्हणाले. आणखी थोडं थांबू. खाली काळाचौकीच्या रस्त्यावर मंडळाच्या पोरांचा गलका, शेजारच्या खोलीत टीव्ही, आणि हा माणूस एका चपलेच्या आवाजासाठी कान लावून, श्वास धरून बसलेला.

चप्पल वाजली. दाराशी थांबली.

मनाली उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही.

"उकळलंय?" तिने विचारलं.

"उकळलंय," एलूकाका म्हणाले.

"काका, यापुढे काय चालतं आणि काय नाही, ते आधी सांगायचं. तोंडावर. मला वाईट वाटेल, तर माझं मी बघीन."

"सांगीन."

"आता सांगा."

"बंद बाटली तू उचल. उघडलेली मी ओतीन. सरबत..." त्यांनी टेबलावरचं भांडं पुढे सरकवलं. "सरबत तूच ओत, मने."

ती आत आली. आशीर्वाद झाला. तिने पेल्यांत सरबत ओतलं. दोन थेंब चादरीवर सांडले, काकूंनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. मनाली एक पेला जास्त भरत होती, वडिलांसाठी, दर शुक्रवारी नेते तसा. भरला, आणि हातात धरून राहिली.

"घेईल का गं तो?" एलूकाकांनी विचारलं.

"माहीत नाही काका. ते अजून बोलत नाहीत याच्यावर."

ती पेला घेऊन गॅलरीतून गेली. एलूकाका दारात उभे राहून बघत होते. टोकाच्या खोलीत मेणबत्ती जळत होती, आणि तिच्यापुढे, दाराकडे पाठ करून बसलेला माणूस वळला की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही.

तर मंडळी, गोष्ट इथवरच आहे. पोरगी येते, दर शुक्रवारी येते. आता उठाल, घरी जाल, कोणी तुमच्या हातावर प्रसाद ठेवील, पाणी देईल. तो घोट घेण्याआधी क्षणभर थांबा आणि कोंडीरामची आठवण करा. दोन घरांच्या मधली ती गॅलरी त्याला अजून चालून यायची आहे.